बालपण आणि आठवड्याचा एक तास

'लहानपणी आईशी तुमचं नातं कसं होतं ते पाच विशेषणांत सांगा.' कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या मानसशास्त्रज्ञ मेरी मेन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८०च्या दशकात मोठ्या माणसांसाठी एक तासाभराची मुलाखत तयार केली, तिच्यातला हा प्रश्न. पाच विशेषणं बहुतेक जण देतात. आपल्याकडे कुणाला विचारलं तर प्रेमळ, कष्टाळू, शिस्तीची, हळवी, देवभोळी अशी यादी यायला वेळ लागणार नाही. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. एकेक विशेषण घेऊन विचारलं जातं, 'प्रेमळ म्हणालात, तर तो प्रेमळपणा दिसला असा एखादा प्रसंग सांगा.' इथे काही जण अडतात. 'अहो, आईच ती, प्रेमळ असणारच,' किंवा 'नेमकं असं काही आठवत नाही,' यापुढे गाडी सरकत नाही. काहींचं उलट होतं. एकदा सुरू झाले की त्यांना थांबता येत नाही, तीस वर्षांपूर्वीचं भांडण काल संध्याकाळी झाल्यासारखं आवाज चढवून सांगितलं जातं आणि मूळ प्रश्न काय होता तेच विसरायला होतं. आणि काही जण शांतपणे सांगतात, की आई फार मारायची, मला तिची भीती वाटायची, तिच्यावर काय काय ओझं होतं ते आता कळतं, तरी तो मार चुकीचाच होता. मेन यांना दिसलं ते असं, की या तिसऱ्या गटातल्या सगळ्यांचं बालपण सुखाचं नव्हतं, काहींचं तर फार वाईट गेलं होतं. पण त्यांच्या स्वतःच्या मुलांचा त्यांच्यावर भरवसा होता. पुढे लंडनमध्ये पीटर फोनागी आणि मिरियम व हॉवर्ड स्टील यांनी पहिलटकरणींच्या मुलाखती बाळंतपणाआधीच घेतल्या आणि बाळ वर्षाचं झाल्यावर त्याचं आईशी नातं तपासलं. १९९१मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला तेव्हा तीन-चतुर्थांश जोड्यांत मुलाखतीवरून केलेलं भाकीत खरं ठरलं होतं. मूल जन्मायच्या आधी केलेलं भाकीत!

बालपणीच्या आघातांवर मोठेपणी घेतल्या जाणाऱ्या थेरपीकडे मी या निष्कर्षाच्या बाजूने बघतो. काय घडलं यापेक्षा घडलेलं माणूस कसं सांगू शकतो, यावर पुढचं बरंच काही अवलंबून असेल, तर थेरपीला करण्यासारखं काम उरतं, कारण घडलेलं बदलता येत नसलं तरी सांगणं बदलतं. जुनं उकरून काढणं किंवा आईवडिलांवर खटला भरणं हे ते काम नाही. भरवशाच्या एका नात्यात बसून आपली हकिकत तुटल्याशिवाय, वाहून गेल्याशिवाय सांगता येणं, आणि ती ऐकणारा माणूस पळून जात नाही याचा अनुभव घेणं, हे ते काम. ते होतं असं म्हणायला पुरावा आहे. त्यावरचे आक्षेपही गंभीर आहेत.

या विचाराचं मूळ लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये सापडतं. तिथले मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईपासून दुरावलेल्या मुलांवर अहवाल लिहिला. त्या काळात ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांत दाखल मुलाला भेटायला आईवडिलांना फार थोडा वेळ मिळे. भेट संपली की मूल रडतं आणि वॉर्डाची शिस्त बिघडते, असं कारण दिलं जाई. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीवर फिल्म केली. ती मुलगी फारसा आकांत करत नाही. ती रडू आवरते, आणि आई भेटायला येते तेव्हा तोंड फिरवते. डॉक्टरांना ती शहाणी, लवकर रुळलेली वाटली असती. रॉबर्टसन यांनी दाखवलं, की ही शांतता म्हणजे रुळणं नसून आशा सोडणं आहे. फिल्मवर वैद्यकीय वर्तुळातून बरीच टीका झाली, पण १९५९च्या सरकारी अहवालाने आईवडिलांना मुक्तपणे भेटू द्यावं अशी शिफारस केली. बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी पुढे अमेरिकेत वर्षाच्या बाळांसाठी वीसेक मिनिटांचा एक प्रयोग बसवला. अनोळखी खोली, खेळणी, आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते. ती गेल्यावर बाळ किती रडलं याला फार महत्त्व नाही. ती परतल्यावर बाळ काय करतं ते बघायचं. काही बाळं धाव घेऊन बिलगतात, शांत होतात आणि पुन्हा खेळायला लागतात. काही जणू आई दिसलीच नाही असं दाखवतात. काही बिलगतात आणि त्याच वेळी तिला ढकलतात. मेन यांनी पुढे चौथा प्रकार नोंदवला, आणि आघाताच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. बाळ आईकडे निघतं आणि मध्येच थिजतं, किंवा पाठ करून तिच्याकडे सरकतं. भीती वाटली की जिच्याकडे धावायचं तीच भीतीचं कारण असेल, तर त्या जिवाने कुठे जावं?

या प्रश्नाचं उत्तर न मिळालेली मुलं मोठी होतात. बायकोने फोन उचलला नाही तर ती कायमची गेलीच असं वाटणं, साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की पोटात गोळा येणं, कुणी फार जवळ आलं की नातंच मोडून टाकणं, आपण मुळातच वाईट आहोत अशी ठाम खात्री असणं, ही त्याची मोठेपणीची रूपं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन १९९२पासून सांगत होत्या, की एका अपघाताने होणारा आघात वेगळा आणि वर्षानुवर्षं जवळच्याच माणसाकडून होणारा वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात या दुसऱ्या प्रकाराच्या परिणामाला स्वतंत्र जागा मिळाली. भावना आवरता न येणं, स्वतःला हीन समजणं आणि नाती न टिकणं ही त्याची जादा लक्षणं धरली जातात. शरीरही यातून सुटत नाही. सॅन डिएगोमध्ये व्हिन्सेंट फेलिटी हे डॉक्टर लठ्ठपणावर उपचार करत. वजन उत्तम उतरत असलेले रुग्णच उपचार सोडून जातात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि विचारपूस केल्यावर कित्येकांच्या बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं. त्यातून रॉबर्ट अँडा यांच्याबरोबर केलेला, एकूण १७ हजारांवर लोकांचा अभ्यास उभा राहिला. १९९८मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या निष्कर्षांनुसार, बालपणीच्या चार किंवा अधिक प्रकारच्या वाईट अनुभवांतून गेलेल्यांत दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असा एकही अनुभव नसलेल्यांच्या चार ते बारा पट होता.

अशा अनुभवांच्या संख्येचा हा हिशेब हल्ली मोबाइलवर प्रश्नावलीच्या रूपात फिरतो, दहा प्रश्नांना हो-नाही म्हणा आणि आपला 'स्कोअर' काढा. तो लोकसंख्येबद्दल बोलतो, एका माणसाचं भविष्य त्यातून निघत नाही, हे खुद्द अँडा यांनी २०२०मध्ये बजावून सांगितलं. हवाई बेटांतल्या काउआईवर एमी वर्नर यांनी १९५५मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशकं माग ठेवला. त्यातल्या सर्वांत कठीण परिस्थितीतल्या मुलांपैकी साधारण एक-तृतीयांश मुलं धडधाकट मनाची माणसं झाली. याहून नेमका पुरावा मिनेसोटातला आहे. बायरन एगलँड, अ‍ॅलन स्राउफ आणि सहकारी १९७०च्या दशकापासून तिथल्या गरीब मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत होते. लहानपणी छळ सोसलेल्या काही आया आपल्या मुलांचा छळ करत होत्या, काही करत नव्हत्या. फरक कशाने पडला? १९८८मध्ये मांडलेल्या उत्तरात तीन गोष्टी होत्या. ज्या आयांनी छळाची ती साखळी तोडली त्यांना लहानपणी छळ न करणारं एखादं मोठं माणूस मायेने आधार देणारं मिळालं होतं, किंवा आयुष्यात कधीतरी त्यांनी मानसोपचार घेतले होते, आणि आताचा जोडीदार भरवशाचा होता. या तिन्ही गोष्टी शेवटी नातीच आहेत, आणि थेरपी त्या रांगेत आजी, मावशी, नवरा यांच्या शेजारी उभी आहे.

मग थेरपीच्या आठवड्यातल्या त्या तासाभरात नेमकं काय होतं? हर्मन यांनी सांगितलेला क्रम आजही अनेक थेरपिस्ट पाळतात. आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग जगण्याकडे परतणं. सुरक्षितता म्हणजे झोप, व्यसन, घरात आजही चालू असलेली मारहाण, अंगाला घाम फुटला तर श्वास कसा आवरायचा, इतक्या साध्या गोष्टी. पुष्कळदा यातच काही महिने जातात, आणि ते वाया जात नाहीत. पुढच्या टप्प्यासाठी पद्धती अनेक आहेत. आघातावर केंद्रित वर्तन-विचार उपचार आहेत. फ्रान्सीन शपिरो यांनी काढलेली, डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर आहे, तर जेफ्री यंग यांची स्कीमा थेरपी बालपणी न मिळालेली माया मर्यादेत राहून थेरपिस्टने द्यावी असं उघड सांगते. कोणती सरस यावर तज्ज्ञांचे वाद चालूच असतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दोघांमध्ये घडणारं काहीतरी. समजा, थेरपिस्टने सांगितलं की पुढचे दोन आठवडे मी रजेवर आहे. समोरची व्यक्ती हसून म्हणते, 'हो हो, काहीच हरकत नाही.' रजेनंतरच्या पहिल्या तारखेला तिचा मेसेज येतो, ऑफिसात काम निघालंय, जमणार नाही. त्याच्या पुढच्या तारखेला ती वीस मिनिटं उशिरा येते आणि हवापाण्याच्या गप्पा मारते. रॉबर्टसन यांच्या फिल्ममधल्या मुलीसारखं हे तोंड फिरवणंच आहे. चांगला थेरपिस्ट इथे रागावत नाही आणि सोडूनही देत नाही. तो विचारतो, 'मी नव्हतो तेव्हा काय वाटलं?' पहिल्यांदा उत्तर येतं, 'काही नाही.' कधीतरी, कदाचित पाचव्या-सहाव्या वेळी, खरं उत्तर येतं, आणि राग व्यक्त करूनही नातं मोडलं नाही हे तिला कळतं. बाळांवर संशोधन करणाऱ्या एडवर्ड ट्रॉनिक यांना आढळलं होतं, की चांगल्या आया आणि त्यांची बाळंसुद्धा साधारण ३० टक्के वेळच एकमेकांच्या सुरात असतात, उरलेला वेळ सूर चुकण्यात आणि पुन्हा जुळवण्यात जातो. ज्यांच्या घरी सूर चुकला की तो कुणी परत जुळवलाच नाही, त्यांना जुळवणं म्हणजे काय हे इथे कळतं.

हे सगळं ऐकायला छान, पण मोजता येतं का? २०१८मध्ये २९५ अभ्यास एकत्र करून तपासलेल्या निष्कर्षांत, थेरपिस्टशी जुळलेलं नातं आणि उपचाराचा फायदा यांचा संबंध कुठल्याही पद्धतीत टिकून राहतो असं दिसलं. तो संबंध मध्यम स्वरूपाचा आहे, जादूचा नाही. केनेथ लेवी आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये, भावनिक अस्थिरतेच्या गंभीर विकाराच्या ९० रुग्णांवर वर्षभर तीन वेगवेगळ्या थेरपी केल्या आणि मेन यांचीच मुलाखत आधी आणि नंतर घेतली. थेरपिस्टशी असलेल्या नात्यावरच काम करणाऱ्या थेरपीच्या गटात हकिकतीची सुसंगती आणि भरवशाच्या नात्याचं प्रमाण वाढलं, इतर दोन गटांत तसं झालं नाही. माझ्या म्हणण्याला सर्वांत बोचणारा पुरावा मात्र मिनेसोटाच्याच अभ्यासातून आला आहे. ग्लेन रॉइसमन आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये दाखवलं, की 'बालपण वाईट गेलं, पण मी सावरलो' असं सुसंगत सांगणाऱ्या अनेकांच्या आयांचं वागणं, त्या वेळच्या प्रत्यक्ष नोंदींनुसार, बऱ्यापैकी मायेचं होतं. म्हणजे मुलाखतीवरून बालपणाचा निवाडा करता येत नाही. पण त्याच अभ्यासात दुसराही गट होता. बाळपणी भरवसा नसल्याची प्रत्यक्ष नोंद असलेले आणि तरुणपणी सुसंगत हकिकत सांगणारे. त्यांची प्रेमाची नाती नेहमीच सुरक्षित राहिलेल्यांच्या तोडीची होती. बदल होतो, एवढं म्हणायला तो गट पुरेसा आहे.

मराठी वाचकाच्या मनात एक आक्षेप बहुधा आधीच आला असेल. महाराष्ट्रात मानसोपचाराची ओळख अनेकांना अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतून झाली. कि. मो. फडके यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती मराठीत घरोघरी पोचवली. एलिस सांगतात, की त्रास भूतकाळामुळे टिकत नाही, आज आपण त्याबद्दल जो अविवेकी विचार धरून बसतो त्याने टिकतो, तेव्हा तो विचार तपासा आणि पुढे चला. हे पुष्कळ अंशी खरं आहे, आणि ज्याला परीक्षेची, नोकरीची किंवा नकाराची भीती वाटते त्याचं यावर उत्तम भागतं. पण 'मी नकोशी आहे' हा विचार शब्द यायच्या आधी अंगात रुजलेला असला, तर त्याच्याशी नुसता वाद घालून तो हटत नाही. डोक्याला पटतं, छातीतली धडधड तशीच राहते. त्यासाठी नकोशी नसल्याचा अनुभव लागतो. एलिस स्वतः पाच ते सात या वयात मूत्रपिंडाच्या आजाराने वारंवार हॉस्पिटलात होते, एकदा तर जवळजवळ वर्षभर, आणि आईवडील क्वचितच भेटायला येत. हे त्यांच्या सिद्धांताविरुद्ध वापरणं अप्रामाणिकपणा होईल. पण आपली आपणच समजूत घालायची ही शिकवण कुठल्या वॉर्डात तयार झाली असेल, असा विचार मनात येतोच.

दुसरा आक्षेप घरातला. आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं? आणि आता म्हातारपणी आईवडिलांची उणीदुणी काढायची? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने महाराष्ट्र आणि गोव्यासह १३ राज्यांत केलेल्या २००७च्या पाहणीत १२,४४७ मुलांना विचारलं होतं. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि घरात मार बसलेल्यांपैकी ८८.६ टक्क्यांना तो आईवडिलांनीच दिला होता. निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला. इतक्या घरांत जे घडतं ते करणाऱ्या सगळ्यांना राक्षस ठरवणं मूर्खपणाचं आहे, आणि सगळ्यांचं होतं म्हणून ते निरुपद्रवी मानणं त्याहून मूर्खपणाचं. 'मार खाल्ला म्हणून माणूस झालो' हे वाक्य मेन यांच्या मुलाखतीत आलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, 'एक प्रसंग सांगा.' आईचं प्रेम आणि आईचा मार एकाच वाक्यात, एकाला दुसऱ्याने झाकून न टाकता सांगता येणं, हेच तर तिसऱ्या गटातल्या माणसांना जमतं. आईवडिलांना जाब विचारा अशी अट कुठलीच शहाणी थेरपी घालत नाही, आणि माफ करा अशीही घालत नाही. कीर्तनापासून मालिकांपर्यंत सगळीकडे क्षमेचा आग्रह आपल्याकडे इतका आहे, की हे दुसरं मुद्दाम सांगावं लागतं.

आठवणींबद्दलचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. १९८० आणि ९०च्या दशकांत अमेरिकेत काही थेरपिस्टांनी संमोहन आणि सूचक प्रश्न वापरून 'दडपलेल्या' अत्याचाराच्या आठवणी बाहेर काढल्या. घरं फुटली, माणसं तुरुंगात गेली. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी प्रयोगांनी दाखवलं, की लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची, कधीच न घडलेली आठवणसुद्धा काही मोठ्या माणसांच्या मनात पेरता येते. पण यावरून थेरपी सोडून द्यावी असं ठरत नाही, एका विशिष्ट प्रकारचा थेरपिस्ट टाळावा हे ठरतं. तुम्हाला आठवत नाही ते मी शोधून देतो म्हणणारा, लक्षणांवरून 'तुमच्यावर नक्की अत्याचार झालाय' असं छातीठोक सांगणारा. जिथे आठवणीत फट आहे तिथे 'मला ठाऊक नाही' असं म्हणून पुढे जाता येणं हाही सुसंगत हकिकतीचाच भाग आहे.

हे सगळं पाश्चात्त्य आहे, आपल्याकडे मूल काकू, आजी, आत्या यांच्या अंगाखांद्यावर वाढतं, हेही नेहमी ऐकू येतं. एन्सवर्थ यांनी निरीक्षणांची सुरुवात युगांडातल्या खेड्यांत केली होती, आणि मूल एकाहून अधिक माणसांशी घट्ट जोडलं जातं हे त्यांनी तिथेच नोंदवलं. १९८८मध्ये आठ देशांतले ३२ अभ्यास तपासले गेले तेव्हा देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशाच्या आतले फरक मोठे निघाले. भरल्या घरात आईची उणीव भरून काढणारी आजी असते हे खरंच आहे, मिनेसोटाच्या आयांनाही तशी कुणीतरी लाभली होती. पण 'घरातलं घरात राहू दे' म्हणून मुलाचं तोंड बंद करणारंही तेच भरलं घर असतं, आणि अत्याचार करणारा बहुतेकदा ओळखीचाच असतो.

राहिली ऐपतीची बाब, आणि इथे आक्षेप घेणाऱ्यांची बाजू बळकट आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचं आढळलं. दीर्घ थेरपी मोठ्या शहरांत आणि पगारदारांना परवडते, तालुक्याच्या गावी ती जवळपास नाहीच. केंद्र सरकारची १४४१६ ही टेली-मानस हेल्पलाइन मराठीतही बोलते, फुकट आहे आणि संकटाच्या वेळी कामाची आहे, पण वर्षभर त्याच माणसाशी बोलण्याची सोय तिथे होऊ शकत नाही. ज्यांना परवडतं त्यांनी निदान पारखून जावं. 'समुपदेशक' या पाटीमागे किती शिक्षण आहे ते पाटीवरून कळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. आघातावर काम करण्याचं प्रशिक्षण कुठे घेतलं, स्वतः कुणा ज्येष्ठाच्या देखरेखीखाली काम करता का, हेही विचारा. पहिल्याच भेटीत सगळं सांगून मोकळे व्हा म्हणणाऱ्याकडे, आईबापांशी तुटक वागा म्हणणाऱ्याकडे आणि तासभर स्वतःच उपदेश करणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. आणि एखादी तारीख चुकवावीशी वाटली, तर ती चुकवण्यापेक्षा तिथे जाऊन तसं सांगा.